ब्युटी पार्लरचा कोर्स : पैसे भरण्यापूर्वी

नाताळापूर्वीच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर अळणावरकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन मला भेटायला आले. हातात एक रंगीत, गुळगुळीत पत्रक होते. मुलगी मावशीबरोबर हुबळीला सणाचे कापड घ्यायला गेली असता कोप्पीकर रोडवर कोणीतरी ते तिच्या हाती दिले होते. पंधरा दिवसांत ब्युटिशियन बना, आंतरराष्ट्रीय डिप्लोमा मिळवा, नोकरीची शंभर टक्के हमी, असा मजकूर. फी पंचेचाळीस हजार रुपये, आणि नाताळापूर्वी भरल्यास पाच हजारांची सूट.

"फादर, भाताचे पैसे आलेत. भरू काय? पोर ऐकत नाही बघा," ते म्हणाले. मुलगी बारावी झालेली, चुणचुणीत. ती म्हणाली, "फादर, आमच्या गावात पार्लर नाही. लग्न असलं की बायका गाडी करून धारवाडला जातात." तिचे म्हणणे काही खोटे नव्हते.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले, फेशियल शिकवले नाही. म्हणून मी त्या दोघांना पंधरवडाभर थांबायला सांगितले आणि चौकशी सुरू केली. हुबळीत पार्लर चालवणाऱ्या दोन भगिनींना भेटलो, त्वचारोगाच्या एका डॉक्टरांना आणि बँकेतल्या एका परिचितांना विचारले. जे समजले ते येथे देतो. शेती व आरोग्याच्या पानावर पावडर-लालीची चर्चा कशाला, असे काही ज्येष्ठांना वाटेल. पण पैसा शेतातलाच जाणार आहे, आणि गिऱ्हाइकाच्या कातडीचा प्रश्न हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

प्रथम हिशेब. खेड्यात भुवया कोरण्याचे समजा चाळीस रुपये मिळतात. पंचेचाळीस हजारांची फी भरून निघायला अकराशे पंचवीस जणींच्या भुवया कोराव्या लागतील. आठवड्याला पंधरा गिऱ्हाइके धरली तर पंचाहत्तर आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. यात दोरा, मेण, टॉवेल, खुर्ची, आरसा यांचा खर्च धरलेलाच नाही. खरी कमाई लग्नाच्या हंगामात असते, आणि तो हंगाम शेतीसारखाच लहरी. आपल्याकडे आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात लग्ने लागत नाहीत. हिंदू शेजाऱ्यांची लग्ने तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पावसाळ्यात जवळजवळ थांबतात. म्हणजे वर्षातले काही महिने भुवया आणि केस कापणे यांवरच भागवावे लागते. हा धंदा करू नये असे मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी तो जोडधंदा म्हणूनच धरावा, आणि जोडधंद्यात जेवढे घालतो तेवढेच फीत घालावे.

आता शिकायचे कोठे? बँकेतल्या परिचितांनी पहिलाच प्रश्न केला, "फादर, धारवाडच्या रुडसेटीत विचारलंत का?" मला नाव ठाऊक होते, पण तेथे गाई-म्हशींचे आणि मोटार दुरुस्तीचे शिक्षण देतात एवढीच माझी समजूत होती. धर्मस्थळाचा शिक्षण ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून १९८२ साली उजिरे येथे ही संस्था सुरू केली. खेड्यातल्या बेकार तरुणांना थोड्या दिवसांत एखादा धंदा शिकवायचा आणि मग बँकेचे कर्ज मिळवून द्यायचे, ही तिची पद्धत. ती इतकी उपयोगी ठरली की केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने २००९ पासून तिच्याच धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. त्यांना आरसेटी म्हणतात, आणि प्रत्येकीमागे एक बँक असते. धारवाडला रुडसेटीची शाखा आहे. बेळगाव, खानापूरकडच्या वाचकांनी आपल्या जिल्ह्याच्या संस्थेत विचारावे. महिलांसाठी पार्लरचा सुमारे महिनाभराचा वर्ग या संस्थांच्या यादीत असतो. फी नाही, राहणे आणि जेवण फुकट. वय साधारणपणे १८ ते ४५ लागते. वर्ग संपल्यावर दोन वर्षे संस्था विचारपूस करते. धंदा सुरू झाला का, कर्ज मिळाले का, कोठे अडले, हे पाहते. पंचेचाळीस हजार घेणाऱ्याने पुढे दोन वर्षे फोन तरी उचलला, तरी पुष्कळ झाले.

बाप मंडळी दोन शंका काढतात. मुलीला महिनाभर बाहेर ठेवायचे कसे, ही पहिली. तर आईने बरोबर जाऊन राहण्याची जागा पाहून यावी, तेथल्या बाईंशी बोलावे. दुसरी शंका भाषेची. शिकवणे कन्नडमधून चालते. घरी मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या, पण शाळेत कन्नड शिकलेल्या मुलींना अडचण येणार नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने आधी चौकशी करावी. मात्र हुबळी-धारवाडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडच बोलायचे आहे, तेव्हा ते शिकणे वाया जात नाही.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला दहावी पास लागते, आणि जेथे हा ट्रेड असेल तेथेच तो मिळतो. शाळा सुटलेल्या मुलींसाठी जन शिक्षण संस्थान आहे. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून सुरू झालेल्या कामातून ही संस्थाने वाढली. त्यांची फी अगदी नाममात्र असते.

एवढे असूनही खासगी वर्गच घ्यायचा ठरला, तर बियाण्याची आठवण ठेवावी. आपण पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेत नाही. प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी आहे का, ते पाहतो. वर्गाच्या बाबतीत पिशवीवरची चित्रे पुष्कळ असतात. भिंतीवर आयएसओचे प्रमाणपत्र लावलेले असते. ते कारभाराच्या पद्धतीबद्दल असते, मुलीच्या हाताला वळण लागले की नाही याबद्दल ते काही सांगत नाही. "सरकारमान्य" लिहिलेले असते, आणि खोदून विचारले तर निघते ती दुकानाची किंवा उद्यम नोंदणी. ती नोंदणी किराणा दुकानदारही करतो. आंतरराष्ट्रीय डिप्लोमाचे म्हणाल, तर सिडेस्को नावाची १९४६ सालापासूनची एक संस्था आहे. तिच्या सौंदर्योपचाराच्या डिप्लोमाला किमान बाराशे तासांचे शिक्षण लागते. रोज आठ तास शिकले तरी दीडशे दिवस झाले. मग पंधरा दिवसांत मिळणारा तो आंतरराष्ट्रीय कागद कोणत्या राष्ट्राचा, हे विचारायला संकोच वाटू नये.

आपल्या देशात निळ्या चिठ्ठीच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय कौशल्य चौकटीतला अभ्यासक्रम. 'असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट' हे त्यातले एक नाव. त्याची परीक्षा शिकवणारा घेत नाही, बाहेरचा परीक्षक घेतो, आणि प्रमाणपत्र खरे की खोटे ते पडताळता येते. वर्गवाल्यांना एवढेच विचारावे : परीक्षा कोण घेणार, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची?

तथापि, पार्लर चालवणाऱ्या त्या दोन्ही भगिनींनी कागदाला फार महत्त्व दिले नाही. त्यांच्यापैकी वयाने मोठ्या आहेत त्या म्हणाल्या, "फादर, माझ्याकडे कामाला मुलगी आली की मी सर्टिफिकेट बघत नाही. दोरा हातात देते आणि माझ्याच भुवया कोरायला सांगते." म्हणून विचारायचा मुख्य प्रश्न हा की मुलगी जिवंत माणसावर किती वेळा काम करणार? एका वर्गात किती मुली, आणि गिऱ्हाइके कोठून येणार? काही ठिकाणी शिक्षिका करते, वीस जणी मोबाईलवर चित्रण करतात, आणि वर्ग संपतो. नांगर धरलेला पाहून नांगरट येत नाही. भुवया, मेण लावून केस काढणे, साधे फेशियल, मेंदी, साडी नेसवणे, अंबाडा एवढे महिनाभरात हाताला बसू शकते. नवरीचा मेकअप सफाईने यायला त्यापुढे कोणाच्या तरी हाताखाली एक हंगाम काढावा लागतो. आणि लेझर, रासायनिक पील, सुईने भुवया रंगवणे हे थोड्या दिवसांत शिकवू म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. कातडी भाजली तर निस्तरणार कोण?

आता आरोग्याचा भाग. डॉक्टरांशी माझे सर्वांत जास्त बोलणे यावरच झाले. वर्ग पाहायला जाल तेव्हा निळ्या दिव्याचे एक कपाट कौतुकाने दाखवतील आणि सांगतील की अवजारे येथे निर्जंतुक होतात. तो प्रकाश जेथे पडतो तेवढ्यावरच काम करतो, कात्रीच्या खालच्या बाजूला आणि खाचेत तो पोचत नाही. आधी साबणाने घासून धुतलेली धातूची अवजारे वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवणे, हा खात्रीचा मार्ग. दवाखान्यातले ऑटोक्लेव्ह हेच करते, आणि आपला घरचा कुकरही त्याच तत्त्वावर चालतो. हे शिकवत नाहीत तो वर्ग अर्धवट समजावा. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो, तेव्हा ब्लेड प्रत्येकीला नवे हवे. जी मुलगी या धंद्यात शिरणार तिने या रोगाच्या लसीचे तीन डोस आधी घ्यावेत. भुवयांचा दोरा दातांत धरण्याची जुनी सवय आहे. त्याऐवजी तो गळ्यात अडकवून किंवा दोन हातांनी धरूनही काम होते. मेणात एकदा अंगाला लावलेली पट्टी पुन्हा बुडवू नये.

पाय धुण्याचे टब निरुपद्रवी दिसतात. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल गावी एकाच नखांच्या दुकानातल्या शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना महिनोन्‌महिने न भरणारी गळवे झाली. टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचून त्यात क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जंतू वाढले होते. आपल्या बायका चिखलात काम करून भेगाळलेल्या टाचा घेऊन येतील, त्यांत कोणाला मधुमेह असेल. अशा पायांना टब नीट घासून, जंतुनाशकाने धुऊन मगच पाणी भरावे.

केसांच्या काळ्या रंगात, आणि बाजारातल्या काही 'काळ्या मेंदीत', पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याने डोळे मिटतील इतकी सूज येते. म्हणून थोडा रंग कानामागे लावून दोन दिवस वाट पाहायची, हे शिकवले पाहिजे. केस सरळ करण्याच्या काही औषधांतील ग्लायऑक्सिलिक आम्लाने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे निरनिराळ्या देशांतून आल्या आहेत.

परंतु सर्वांत मोठा धोका गोरेपणाच्या डबीत आहे. २०२३ साली अकोल्याच्या एका घरातील तरुण मुलगी, तिची बहीण आणि आई, तिघींची मूत्रपिंडे बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या, ते गावातल्याच एका ब्युटिशियनकडून आलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासले तेव्हा त्यात पारा फार मोठ्या प्रमाणात निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी गोरेपणाच्या क्रीमने मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालता येत नाही. ती ब्युटिशियन दुष्ट असेल असे नाही. तिलाही कोणी तरी तो 'फॉर्म्युला' शिकवलाच असेल. ज्या डब्यावर कारखान्याचे नाव, पत्ता, घटक आणि परवाना क्रमांक नाही ते क्रीम विकायला लावणारा, किंवा स्टिरॉइडचे मलम मिसळायला शिकवणारा वर्ग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

पैसे भरताना फीमध्ये अठरा टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, सामानाची पेटी मिळणार की विकत घ्यावी लागणार, मध्येच सोडावे लागल्यास पैसे परत किती, हे लेखी घ्यावे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नये. "बिनव्याजी हप्ते" म्हणतात ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, आणि ते मुलीच्या किंवा बापाच्या नावावर चढते. वर्ग बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

पंधरवड्यानंतर ती मुलगी वडिलांना घेऊन पुन्हा कोप्पीकर रोडला गेली होती. न सांगता अर्धा तास बसली, आणि आल्यावर मला म्हणाली, "फादर, तीन बायकांना एकच टॉवेल वापरला." सुटीची मुदत टळली होती, तरी पाच हजारांची सूट अजून चालूच होती म्हणे! तिने आता धारवाडला अर्ज दिला आहे.

ज्या इतर मुलींना अर्ज करायचा असेल त्यांनी आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक आणि चार फोटो घेऊन कोणत्याही रविवारी मिस्सानंतर कार्यालयात यावे. कन्नड अर्ज भरायला आपल्या धर्मभगिनी मदत करतील.