बोटीला गाडीचा कार्बोरेटर नको

गोदावरी किंवा मांजरा फुगली की नांदेड-लातूरला बोटींची आठवण होते. एरवी त्या पडूनच असतात. ऐन वेळी इंजिन चालू झालं नाही, तर जुन्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचा मोह होतो. तो बसतोही, इंजिन सुरूही होतं. धोका पुढेच आहे.

कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर गाडीतलं पेट्रोल रस्त्यावर गळतं, वाफ वाऱ्याने उडून जाते. बोटीच्या पोटातल्या इंजिनाखाली मात्र बंद तळ असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती तिथेच साचते. मग स्टार्टरची एक ठिणगी पुरे. म्हणून बोटीच्या कार्बोरेटरमध्ये हवेची नळी आत वळवलेली असते. जादा पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनातच जातं.

‘मोठा तेवढा चांगला’ हाही गैरसमजच. 5.7 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा तेवढी हवा ओढतं. मिनिटाला 4,800 फेऱ्या धरल्या तर फार तर 13,700 लिटर हवा लागते. त्याहून फार मोठ्या कार्बोरेटरमध्ये हवा मंदावते आणि पेट्रोल नीट मिसळत नाही. मागे टांगायच्या छोट्या मोटारीला तर तिच्याच मॉडेलचा कार्बोरेटर घ्यावा.

अनेकदा मात्र नवा घ्यायची गरजच नसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषतं, महिनोन्‌महिने साचून राहिलं की जेट बुजतात. बोट ठेवून देण्याआधी, मोटार पाण्यात असतानाच, पेट्रोलचा नळ बंद करून ती आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावी.