शिकारी पक्ष्यांचे पालन आणि परवानगी (पनवेल)

ससाणा, बाज, शिक्रा यांसारख्या शिकारी पक्ष्यांना पाळून, माणसाळवून त्यांच्याकडून शिकार करविण्याच्या कलेस बाजदारी किंवा श्येनपालन म्हणतात. रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे, भारतातील इतर कोणत्याही गावाप्रमाणेच, असा पक्षी छंद म्हणून घरी ठेवण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला नाही. हा विषय नगररचनेच्या नव्हे, तर वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याखाली येतो.

पूर्वपीठिका

भारतात ही कला जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाचे प्रकरण आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाचा 'श्यैनिकशास्त्र' हा ग्रंथ तर याच विषयाला वाहिलेला आहे. मुघल काळात फारसी परिभाषा रूढ झाली. तिच्यात नर आणि मादी यांना स्वतंत्र नावे आहेत. 'बाज' ही मादी व तिचा नर 'जुर्रा'; 'शिक्रा' ही मादी व तिचा नर 'चिपक'. शिकारी पक्ष्यांत मादी आकाराने मोठी असते आणि बाजदार तिलाच अधिक मोल देत. जातीला मादीचे नाव मिळाले ते बहुधा यामुळेच. मराठीत 'बाज' हा शब्द आज सर्रास पुल्लिंगी वापरला जातो, हा भाग वेगळा. संस्थानी काळाच्या अखेरीस भावनगरसारख्या काही दरबारांत ही परंपरा टिकून होती. तेथील राजघराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी हे तिचे अखेरच्या जाणकारांपैकी एक मानले जातात.

कायद्याची स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. येथे 'शिकार' या शब्दाची व्याप्ती व्यवहारातील अर्थापेक्षा पुष्कळ मोठी आहे. पक्षी पकडणे, त्याला जाळ्यात अडकविणे, त्याची अंडी उचलणे, एवढेच काय, घरट्याला धक्का लावणे हेही तिच्यात मोडते. त्यामुळे शिक्र्याचे पिल्लू घरट्यातून काढून आणणारा मनुष्य पुढे त्याला कितीही मायेने वाढवो, पहिल्याच पावलाला त्याच्याकडून गुन्हा घडलेला असतो. कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. तिची खाजगी मालकी वा खरेदी-विक्री होऊ शकत नाही.

बहुतेक शिकारी पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. मुख्य वन्यजीव रक्षक कलम १२ खाली काही परवाने देऊ शकतात. परंतु ते शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय अशा प्रयोजनांसाठी असतात. त्या यादीत छंदाला स्थान नाही. पूर्वीपासून जवळ असलेले प्राणी जाहीर करण्याची एक संधी २००३ मध्ये देण्यात आली होती. दोन दशके उलटल्यावर शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तो अपवाद नावापुरताच उरला आहे.

परदेशी जातींचा प्रश्न थोडा निराळा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील जातींचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत झाला आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंद केंद्र शासनाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. तथापि ही नोंद म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. नोंदलेला पक्षी तित्तिरावर वा सशावर सोडला, तर ती शिकारच होय.

पनवेलमधील यंत्रणा

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. परिसरातील नियोजनात सिडकोचाही मोठा वाटा आहे. निवासी, वाणिज्य, हरित हे विभाग जमिनीचा वापर आणि बांधकाम ठरवितात; कोणता जीव बाळगावा हे ठरवीत नाहीत. वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय आहे. म्हणून गच्चीवर पिंजरा उभारण्यास पालिकेची अथवा गृहनिर्माण संस्थेची हरकत नसली, तरी त्या ना-हरकत पत्राने पक्षी कायदेशीर होत नाही. पनवेलनजीकचे कर्नाळा पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८) हे तर संरक्षित क्षेत्रच आहे आणि तेथील पक्ष्यांना जास्तीचे संरक्षण लाभते.

स्थानिक परवानगीची कल्पना मुख्यतः इंग्रजी पुस्तकांतून येते. अमेरिकेत बाजदारीचा परवाना राज्य देते. उमेदवाराला परीक्षा द्यावी लागते, पक्षिगृहाची तपासणी होते आणि त्याशिवाय गावाचे विभागीय नियमही आड येऊ शकतात. तेथील वाचकाला उपयोगी पडणारा हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो, कारण मूळ परवानाच येथे नाही. युनेस्कोने २०१० मध्ये बाजदारीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यानेही भारतीय कायद्यात फरक पडलेला नाही.

जखमी पक्षी सापडल्यास

सामान्य नागरिकाचा या कायद्याशी प्रत्यक्ष संबंध बहुधा अशा प्रसंगी येतो. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यात घारी अडकतात, वादळी वाऱ्यात पिल्ले घरट्यातून पडतात. पक्ष्याला उचलून वाचविणे हा गुन्हा नाही. मात्र कलम ३९ नुसार ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ ही आहे. तोपर्यंत पक्षी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावा. चोचीत बळेच पाणी ओतू नये. दूध, पोळी वा भात देऊ नये.

पिल्लू माणसाच्या हाताला सरावले की ते माणसालाच आपला आप्त समजू लागते आणि शिकार करण्याची व स्वजातीयांत मिसळण्याची त्याची क्षमता उणावते. बरा झालेला पक्षी केव्हा व कोठे सोडावा याचा निर्णय वन विभाग घेतो. उडता न येणाऱ्या पक्ष्याची रवानगीही मान्यताप्राप्त बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात होते, सापडणाऱ्याच्या घरी नव्हे.