पाव ग्रॅम हवेचा खर्ज

जुन्या टेपरेकॉर्डरमधला एखादा स्पीकर सुटा काढा, टेबलावर तसाच ठेवा आणि त्यावर गाणं लावा. आवाज किरटा येईल. डग्गा गायब, तानपुऱ्याचा खर्ज गायब. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबून धरा. डग्गा परत येतो! गाणं तेच, आवाजाचं बटण कुणी हलवलेलं नाही. मध्ये आला तो फक्त पुठ्ठा.

स्पीकरचा कागदी कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एकमेकांच्या बरोबर उलटे. पहिल्या काळीत गाणाऱ्याच्या तानपुऱ्यात खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास लागते. त्या स्वराची लाट हवेत सुमारे 5 मीटर लांब असते. एवढ्या लाटेला पाच इंची स्पीकरच्या कडेचा वळसा म्हणजे काहीच नाही. मागची लाट पुढे येते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. वरच्या स्वरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्याच असतात, म्हणून त्या वाचतात.

तेव्हा घरी स्पीकर बनवायचा म्हणजे आधी भिंत बांधायची: एमडीएफची नाहीतर प्लायवुडची, सगळ्या बाजूंनी बंद. मागचा आवाज आत कोंडून टाकायचा. अनेक उत्तम स्पीकर असेच असतात. पण अँप्लिफायरने दिलेल्या विजेतली जेमतेम अर्धा टक्का आवाजात उतरते, बाकी सगळी कॉइल तापवण्यात जाते. त्यातलाही निम्मा आवाज पेटीत पुरायचा, हे कुणालातरी खुपणारच.

बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांना ते खुपलं असावं. 1930 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, त्यात पेटीला मुद्दाम एक तोंड ठेवलेलं होतं. आजच्या घरगुती पेटीत त्या जागी पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते. ही पेटी म्हणजे तीच बाटली. आतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि नळीतली हवा त्या स्प्रिंगला लावलेल्या वजनाचं. प्रत्येक वजन-स्प्रिंगच्या जोडीला स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्याच्या आसपास नळीतली हवा अशी डोलते, की मागून आलेला उलटा आवाज बाहेर पडताना सुलटा झालेला असतो. शत्रू साथीला बसला!

आकडे पाहिले की मती गुंग होते. पेटी 20 लिटरची, नळी 5 सेंटिमीटर व्यासाची आणि 10 सेंटिमीटर लांबीची. ठेका येतो 46 हर्ट्झच्या आसपास. त्या नळीत मावणाऱ्या हवेचं वजन पाव ग्रॅमच्याही आत. दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवा तिच्याबरोबर हलते, ती धरली तरी एक तृतीयांश ग्रॅम. खोलीभर घुमणारा खर्ज या एवढ्याशा वजनावर उभा असतो.

खोटं वाटत असेल तर मोबाइलवरच्या ॲपने 46 हर्ट्झचा शुद्ध स्वर हळू आवाजात लावा. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन जवळजवळ स्थिर दिसेल. नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर थरथरेल. आवाज काढतेय ती हवा, कोन नव्हे. मात्र सूर याच्या बराच खाली नेऊन आवाज वाढवू नका. ठेक्याच्या खाली पेटीतली हवा कोनाला आवर घालत नाही. तो वेडावाकडा हलतो आणि फाटूही शकतो.

कोणत्या वूफरला किती लिटर आणि केवढी नळी, हे बरीच वर्षं अंदाजपंचे चाललं. 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. आज चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकावर त्यांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. ते नसलेला वूफर, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये असं माझं मत आहे.

वरच्या स्वरांसाठी पेटीत वेगळा छोटा स्पीकर असतो, तो ट्वीटर. त्याला खालचे स्वर झेपत नाहीत, म्हणून त्याच्या वाटेत कपॅसिटर बसवतात. आठ ओहमच्या ट्वीटरला 8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर साधारण अडीच हजार हर्ट्झच्या खालचं हळूहळू अडतं. स्वरांची अशी वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरचा हा अगदी प्राथमिक धडा. पुढचं शास्त्र अफाट आहे.

आणि जोडी का? दोन्ही पेट्या सारख्या असल्या आणि तुम्ही दोघींपासून सारख्या अंतरावर बसलात, तर गाणारा बरोबर मधल्या मोकळ्या भिंतीतून गातो. तिथे काहीच नसतं. पण एका पेटीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या की तो गायक विरतो आणि खर्ज पुन्हा पळतो, कारण आता दोन पेट्याच एकमेकींना खोडताहेत. तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरे: वूफरच्या अधिक टोकाला सेलचं अधिक टोक क्षणभर टेकवा, कोन पुढे यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग नको.

सुताराकडे जाल तेव्हा एवढं सांभाळा: मापं आतली सांगा. आतून 20 बाय 25 बाय 40 सेंटिमीटर म्हणजे नेमके 20 लिटर. हीच मापं त्याने बाहेरची धरली आणि 18 मिलिमीटरचा एमडीएफ वापरला, तर आत 13 लिटरही उरत नाहीत आणि 46 हर्ट्झचा ठेका 58 वर जातो.