जुनी जीप घेताना आधी ओझे मोजा

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार पाहायला लांबलांबून माणसे येतात, पाल ठोकून चार-चार दिवस राहतात. पूर्वी यात्रेकरू बैलगाडीने यायचे. रात्री गाडीतच झोपायचे, चूल शेजारी मांडायची आणि परतताना बाजारात घेतलेल्या वस्तू त्याच गाडीत भरायच्या. घर आणि वाहन एकच!

अशीच हौस आज काही मंडळी जुन्या जीपवर भागवू पाहतात. मागे झोपण्यापुरता बंदिस्त ट्रेलर जोडायचा, गावोगाव फिरायचे, कुठे पाडलेल्या वाड्याचा सागवानी दरवाजा, कुठे पितळी घंगाळ, कुठे दगडी जाते मिळाले तर घेऊन यायचे. मीही त्यांतलाच. पण माझी पहिली खरेदी चुकली होती. रंग पाहून भाळलो. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर करून घेतला आणि पहिल्याच फेरीत तो गच्च भरला. अहमदपूरहून लोह्याकडे येताना उतारावर ब्रेक दाबला, तर मागचा ट्रेलरच जीपला ढकलू लागला. गाडी रस्ता सोडून नांगरलेल्या काळ्या रानात रुतली, म्हणून आम्ही वाचलो. शेजारी बसलेले मेहुणे एवढेच म्हणाले, "दाजी, गाडी ओढते किती ते विचारलंत, थांबते कशी ते नाही विचारलंत."

आजच्या बोलण्याचा सारा मथितार्थ त्या वाक्यात आहे.

जीप मुळात लष्करासाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर तिला पाव टनी ट्रक म्हणत असे. महिंद्रने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे तहसील, पंचायत समिती, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे ती दिसू लागली. तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन फार ताकदवान नव्हे. खरी करामत तिच्या गिअरपेटीत आहे. चारही चाकांना जोर देऊन लो गिअर टाकला की वेग कमी होतो आणि चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो. पावसाळ्यात आपल्या रेगडीच्या चिखलातून ती निघते ती यामुळे.

पण पाव टन म्हणजे किती? अडीचशे किलो. दोन माणसे बसली की त्यातले दीडशे संपले. उरले शंभर. दगडी जाते आणि दरवाजाची चौकट चढवली की तेही संपले.

आता ट्रेलर. जाणकारांचा एक साधा नियम आहे : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर त्याचे भरलेले वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नसावे. जुनी जीप साधारण हजार किलोची. म्हणजे पाचशे किलोचा ट्रेलर ही शेवटची हद्द. लोखंडी सांगाडा, पत्रा, गादी, शेगडी यांतच साडेतीनशे जातात. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वाढले. घेतलेल्या वस्तूंना जागा उरते पन्नास किलोची! त्यातही जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवावे. ते मागच्या टोकाला गेले की हुकावरचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची सवय असलेल्यांना हे जाणवत नाही, कारण ट्रॅक्टर मुळात हळू चालतो.

मग कोणती गाडी घ्यावी? जुनी मेटॅडोर प्रशस्त असते, सामान आत मावते, झोपताही येते. मात्र तिचा जोर पुढच्या चाकांवर. मागे ट्रेलर लावून चढ चढताना पुढची चाके हलकी पडून घसरतात. तेव्हा मेटॅडोर घेतली तर ट्रेलर नको. ट्रेलर ओढायचाच असेल तर १९८० च्या दशकापासूनची एमएम ५४० सारखी डिझेल जीप बरी. फार जुनी पेट्रोल जीप शोभेला चांगली.

पाहायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पत्र्यावर जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजा. पण पत्रा बदलता येतो, चासीचे तसे नाही. गाडीखाली आडवे होऊन चासीला तडे, गंज, वेल्डिंगचे जोड आहेत का ते पाहा. पाटे एका बाजूला बसले असतील, तर पूर्वी जादा ओझे वाहिलेले आहे. ड्रम उघडून लायनर पाहा. इंजिन सुरू करून ऐकण्याच्या आधी हे सगळे करा.

नंतर कागद. चासीवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळला पाहिजे. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर त्याची नोंद हवी. ट्रेलरचीही वेगळी नोंदणी लागते.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'व्हिंटेज' नोंदणी केली की सगळे प्रश्न सुटतात, असे काहींना वाटते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला मिळते. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन यांपुरतीच तिला मोकळीक. म्हणजे कॅम्पर ओढायला ती नाहीच! काम करून घ्यायचे असेल तर नेहमीची नोंदणी चालू असलेली गाडी घ्या. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते.

आणि गाडीत काय घालता, तेही पाहा. आपल्या भागात शेत नांगरताना मूर्ती, नाणी निघतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावशेष ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या परिसरातल्या प्राचीन वस्तू जमवल्या, त्या आज तिथल्या संग्रहालयात सर्वांना पाहता येतात. अशा वस्तूंची जागा तिथे आहे, आपल्या ट्रेलरमध्ये नाही.

माझी ती जीप मी विकली. आताची डिझेल आहे, दिसायला ओबडधोबड. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावून घेतले आहेत. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेतो. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरतो. आणि जाते पसंत पडले, पण काटा नको म्हणाला, तर पैसे देऊन ते तिथेच ठेवतो. पुढच्या फेरीला आणतो. शंभर वर्षे थांबलेले जाते आणखी एक महिना थांबते.