घराची दुरुस्ती, लोकरीचा गुंडा आणि नव्या शहरातले बिऱ्हाड

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण आजीच्या तोंडून ऐकली. शेजारच्या घरातल्या अज्जींनी हीच गोष्ट ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ अशी सांगितली. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांना हा अनुभव दोन्हीकडून पाठ आहे. मात्र हल्ली घर नव्याने बांधण्याचा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो. बहुतेकांच्या वाट्याला येते ती दुरुस्ती. कुणाचा मुलगा बेंगळूरला नोकरीला लागतो आणि तिथे पंधरा-वीस वर्षांचा जुना फ्लॅट घेतो. कुणी निपाणी, खानापूर, चिकोडीकडचे घर बंद करून मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात येतो. कुणी पुण्याला जातो. जागा मिळते, पण नळ गळतो, वायरिंग जुने असते, न्हाणीघराच्या भिंतीला ओल आलेली असते. मग गवंडी, प्लंबर, सुतार, रंगारी यांची वर्दळ सुरू होते आणि त्या धुळीतच नव्या शहरातला संसारही सुरू होतो.

या सगळ्यात विणकामाचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

बिऱ्हाड हलते तेव्हा

गाव बदलून नव्याने सुरुवात करणे आपल्या भागाला नवे नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यंत्रांकडे वळले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर असा जम बसत असतानाच त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

एवढी मोठी झेप आपल्यापैकी कुणी घेत नसेल, पण उठून दुसरीकडे बसण्यातली घालमेल सारखीच असते. पुरुषमाणूस सकाळी कामावर जातो, मुले शाळेत रमतात. घरात थांबणाऱ्या बाईला मात्र अर्धवट फोडलेल्या भिंतींसोबत दिवस काढावा लागतो. गावी दारात बसले की चार माणसे बोलून जात. इथे दार उघडले की समोरचे बंद दार दिसते. बेंगळूरला तर आपण तोंड उघडताच लोक ओळखतात. ‘हौद्री’, ‘बर्री’ मधला तो ‘री’ आपला मुलूख सांगून टाकतो!

कामाचा क्रम आधी ठरवा

दुरुस्तीत पैसा आणि मन:शांती दोन्ही जातात ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. रंग झाला आणि मग लक्षात आले की एसीसाठी वायर ओढायची राहिली, असे घडू नये. म्हणून आधी तोडफोड, मग पाण्याचे नळ आणि विजेच्या पाइपांसाठी भिंतीत खाचा, त्यानंतर न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम आणि शेवटी रंग, असा क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. खांब आणि तुळई यांना तर हातच लावू नये.

काही कामांत घाई चालत नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर न्हाणीघरात पाणी साठवून किमान दोन दिवस ठेवावे आणि खालच्या मजल्यावर ओल येते का ते पाहावे. फरशी त्यानंतरच. सिमेंटच्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारावे लागते आणि नव्या गिलाव्यावर रंग चढवण्याआधी साधारण महिनाभर भिंत सुकू द्यावी लागते. जुन्या घरात लाकडी पट्टीवरचे वायरिंग असेल तर ते बदलणेच शहाणपणाचे. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. शॉक लागण्याच्या वेळी तो क्षणात वीज तोडतो. गीझर, एसी वाढणार असेल तर वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

बेळगावकडच्या कौलारू घरांचे गणित थोडे वेगळे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आणि पाऊस धो धो. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती लाल मंगळुरी कौले आपल्याही घरांवर आली. कौले शाकारणे, फुटकी बदलणे, रिपा-वासे तपासणे ही कामे जूनच्या आत उरकावीत. रंगाचे काम मात्र दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर काढावे.

आणि हो, अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवाच. जुनी भिंत फोडल्यावर आतून काय निघेल हे गवंड्यालाही सांगता येत नाही.

मग सुया कशासाठी?

वरचा क्रम पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येईल. दुरुस्तीत कामापेक्षा थांबणेच अधिक असते. गवंडी येण्याची वाट, फरशीची गाडी येण्याची वाट, भिंत सुकण्याची वाट. घर सोडून बाहेर जाता येत नाही आणि घरात धड बसताही येत नाही. असा तुटक वेळ पुस्तक वाचण्यात जात नाही, स्वयंपाकघर उखडलेले असल्याने तिथेही जात नाही. विणकामाला मात्र असाच वेळ मानवतो. एक ओळ विणायला दोन-तीन मिनिटे लागतात. बेल वाजली की ओळ पूर्ण करून सुया खाली ठेवता येतात आणि परत आल्यावर काम जिथे होते तिथेच असते. दिवसभरात घराचे काम इंचभरही पुढे सरकले नाही तरी मोज्याचे सरकलेले असते. मन स्थिर ठेवायला तेवढे पुष्कळ होते.

पण या दिवसांत जाळीदार, वेलबुट्टीचे नमुने हाती घेऊ नयेत. मोजत मोजत विणायचे आणि मध्येच प्लंबरने हाक मारायची, म्हणजे टाका निसटलाच म्हणून समजा. त्यापेक्षा सगळे सुलट टाके असलेला मफलर, दोन सुलट-दोन उलट अशी साधी टोपी, तान्ह्या बाळाचे मोजे असे काम घ्यावे. पांढरी किंवा फिकी लोकर सिमेंटच्या धुळीत टिकत नाही. गडद रंग घ्यावा आणि सगळे सामान जुन्या उशीच्या अभ्र्यात, नाडी ओढून ठेवावे. दुकानात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ ॲक्रिलिकची असते. ती धुवायला सोपी, पण आचेजवळ धोक्याची. स्वयंपाकाची तात्पुरती शेगडी बैठकीत मांडली असेल तर पिशवी तिच्यापासून लांब असू द्यावी.

लॉट नंबर आणि नमुना

विणणाऱ्या बाईला ज्या दोन सवयी आपोआप असतात, त्या घराच्या कामात नेमक्या उपयोगी पडतात.

पहिली सवय लॉट नंबर पाहण्याची. एकाच रंगाची लोकर, पण दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेली असली की स्वेटरच्या मधोमध पट्टा उठून दिसतो. म्हणून पुरेशी लोकर एकदम घ्यायची आणि प्रत्येक गुंड्यावरचा नंबर ताडून पाहायचा. फरशीचे अगदी तसेच आहे. खोक्यावर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो. तो सर्व खोक्यांवर एकच आहे ना, हे माल उतरवून घेतानाच पाहावे. मोजणीपेक्षा साधारण दहा टक्के फरशी जास्त घ्यावी आणि उरलेल्या चार-सहा फरश्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. पाच वर्षांनी नळाच्या दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागली, तर तशीच फरशी बाजारात मिळेल याचा भरवसा नाही.

दुसरी सवय नमुना विणून पाहण्याची. समजा, पुस्तकात चार इंचांत २२ टाके सांगितले आहेत आणि तुमचा हात घट्ट असल्याने चार इंचांत २४ बसतात. फरक दोनच टाक्यांचा, पण २२० टाके घालून चाळीस इंच छातीचा म्हणून विणलेला स्वेटर साडेछत्तीस इंचांच्या आसपास भरतो. तेव्हा छोटा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा आणि गरज पडल्यास सुई बदलावी. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, तर दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. रंगाच्या बाबतीतही हाच नियम. पुस्तिकेतल्या बोटभर चौकोनावरून बैठकीचा रंग ठरवू नये. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून घ्यावा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा.

आजींची खुर्ची

ओळखीतल्या एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. निपाणीकडच्या एक आजी गावचे घर बंद झाल्यावर बेंगळूरला मुलाकडे राहायला आल्या. सून धारवाडची. मुलाशी मराठी, सुनेशी कानडी आणि नातवाशी दोन्हींची मिसळ, असा घरचा रिवाज. फ्लॅटची दुरुस्ती सुरू होती. नकाशे मोबाइलवर येत, निर्णय रात्री होत. आजींना कुणी वाईट वागवत नव्हते, पण विचारतही नव्हते. त्या एका खोलीत बसून विणत असत.

काम करायला आलेला गवंडी कलबुर्गीकडचा निघाला. त्याची कानडी ऐकून आजींची कळी खुलली. त्याच्या घरी नुकतेच बाळ झाल्याचे कळल्यावर त्यांनी चार दिवसांत एक टोपी विणून दिली. तेव्हापासून तो विटेचा प्रत्येक थर आजींना दाखवून पुढे जाऊ लागला. एके दिवशी त्यानेच सुनेला विचारले, “अक्का, अज्जी रोज त्या खिडकीपाशी बसतात. तिथे कपाट आलं तर त्यांनी बसायचं कुठं?”

नकाशात त्या जागी चपलांचे उंच कपाट होते. पूर्वेचा उजेड सकाळी तिथेच येत असे आणि सत्तरीच्या डोळ्यांना टाके दिसायला तोच उजेड लागत असे. सुनेने त्या रात्री कपाट दाराच्या दुसऱ्या बाजूला हलवले. खिडकीपाशी हातांची एक खुर्ची, बाजूला प्लगपॉइंट आणि लोकर ठेवायला एक खण आला. खर्च वाढला नाही. आजींनी पहिल्यांदाच नातवाला सांगितले, “हे आपलं घर.” त्याआधी त्या ‘तुमचं घर’ म्हणत.

म्हणून घराचा नकाशा ठरवताना एक प्रश्न जरूर विचारावा. घरातल्या प्रत्येकाला बसायला आपली अशी जागा आहे का? मुलांचे टेबल, टीव्हीची भिंत, देवघर यांचा विचार होतो. आजींची खिडकी आणि गृहिणीचा कोपरा मात्र ‘बघू नंतर’ या यादीत पडतात. तीन फूट लांबीची जागा, उजेड आणि पाठीला आधार, एवढेच तर हवे असते. न्हाणीघरात धरायला दांडा आणि न घसरणारी फरशीही त्याच वेळी करून घ्यावी.

जुन्याचे काय करायचे?

जुना स्वेटर उसवला की लोकर फुकट जात नाही. तिची लडी करून कोमट पाण्यात बुचकळावी, खाली थोडे वजन बांधून टांगावी, म्हणजे वेटोळे सुटून ती पुन्हा सरळ होते. मुलाच्या स्वेटरची नातवाला टोपी होते. जुन्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे आपल्या कानडी शेजारणींची कौदी, याच विचारातून आली आहे.

घराचेही असेच पाहावे. सागवानी दाराची चौकट भंगारात देण्याआधी सुताराला दाखवावी. तिची शेल्फे किंवा देवघराचा पाट होऊ शकतो. पण मोहही आवरावा. वाळवी लागलेले लाकूड, गंजलेले नळ, जुनी वायर ही ‘आठवण’ म्हणून ठेवायची नसते. लोकरही जिथे विरलेली असते तिथून तोडून टाकतातच.

शेजार जोडताना

नव्या शहरात ओळखी आपोआप होत नाहीत. दुरुस्तीच्या आवाजाचा त्रास खालच्या-वरच्या घरांना होतच असतो. तेव्हा काम सुरू होण्याआधी जाऊन सांगून यावे, दुपारच्या झोपेच्या वेळी ड्रिल बंद ठेवावे. काम संपल्यावर लाडवांच्या डब्यासोबत शेजारच्या बाळासाठी मोज्यांची जोडी गेली, तर महिनाभराची कुरकुर विसरली जाते. जिन्यात किंवा बागेत विणत बसलेल्या बाईला कुणी तरी ‘हा टाका कसा घालता?’ असे विचारतेच. तिथून पुढे भाषा कोणती, हा प्रश्न उरत नाही.

दिवाळीपर्यंत घर पूर्ण करायचेच, असा हट्ट बरेचजण धरतात आणि ओल्या भिंतीवर रंग चढवतात. एखादी खोली राहिली तर राहू द्या. एका खोलीत दिवा लावून, फराळ करूनही दिवाळी होते. थंडी पडायला लागली की सुयांवर नवे टाके घाला. भिंत सुकेपर्यंत स्वेटरची पाठ पूर्ण झालेली असेल.