अभियांत्रिकी शिक्षणातील संवादकौशल्ये

कामाच्या ठिकाणी लागणारे ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे यांचे शिक्षण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संवादकौशल्ये या विषयातून दिले जाते. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनच्या निकषांनुसार पदवीधरास अहवाल लिहिणे आणि सादरीकरण करणे जमले पाहिजे.

मार्केट यार्डाजवळील बिबवेवाडीत १९८३ साली स्थापन झालेल्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीप्रमाणे पुण्यातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे माध्यम इंग्रजी आहे. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ साली संगणक अभियांत्रिकीचे मराठीतून शिक्षण सुरू झाले. कारखान्यात कामगारांशी बहुधा मराठी वा हिंदीत बोलावे लागते. तेथे संदिग्ध सूचनेमुळे अपघातही संभवतो. म्हणून बिघाडाची एकच माहिती इंग्रजी अहवालात आणि मराठी सूचनेत मांडण्याचा सराव उपयुक्त ठरतो.