शिडाच्या होडीला मोटर किती मोठी?

सीताबर्डीहून कोणत्याही दिशेला निघालो तरी समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा शिडाच्या होडीला किती अश्वशक्तीची मोटर लावावी, हा विषय बर्डीवरच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. पण काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागाईतदारास हा प्रश्न परका वाटणार नाही. शेजाऱ्याने विहिरीवर साडेसात अश्वशक्तीचा पंप बसविला म्हणून आपण दहाचा बसवावा, आणि मग ध्यानात यावे की विहिरीतले झरे जितके होते तितकेच आहेत. वाढले ते फक्त कर्ज. होडीचेही नेमके असेच आहे. फरक इतकाच की, विहिरीवर हिशेब चुकला तर पैसा बुडतो. समुद्रावर चुकला तर माणूस बुडू शकतो.

आम्ही शाळा थोडी शिकलो. जे काही यंत्रज्ञान आहे ते कारखान्याच्या फाटकात, कामगारांच्या संगतीत आणि उसन्या पुस्तकांतून मिळविलेले. होडीच्या मोटारीचा धडा मात्र आम्ही दाभोळच्या खाडीत घेतला, आणि तो भीतीने पाठ झाला.

काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामानिमित्त आम्ही तिकडे गेलो होतो. तेथे चार भाऊबंद मिळून एक जुनी लाकडी होडी चालवीत. शीड अजून राखले होते, आणि जोडीला कोणाकडून तरी घेतलेली दोन अश्वशक्तीची जुनी मोटर. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की त्यावर परत यावे, हा बापजाद्यांचा क्रम. एके दिवशी हौसेने आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. परतताना वारा पडला, शीड लोंबू लागले आणि तेवढ्यात ओहोटीचा जोर सुरू झाला. मोटर पूर्ण वेगाने ओरडत होती. किनाऱ्यावरच्या एका माडाकडे आम्ही अर्धा तास पाहत होतो. तो माड जागचा हलेना! म्हणजे हलत नव्हतो ते आम्ही. अखेर नांगर टाकून भरतीची वाट पाहिली. त्या दिवशी समुद्र शांत होता, म्हणूनच हे लिहावयास आम्ही उरलो.

दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला, "दादा, आता कर्ज काढतो आणि पंचवीसचीच घेतो. शेजाऱ्याची फायबरची होडी बघा, कशी पाण्यावरून उडते!"

आम्ही म्हटले, "तांडेल, जरा थांबा. आधी हिशेब करू."

तोच हिशेब येथे मांडतो.

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटने आपली वाफेची यंत्रे विकताना घोड्याच्या कामाशी तुलना केली. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापाने सुमारे ७४६ वॅट. होडीच्या पिछाडीला बाहेरून अडकवावयाची मोटर मात्र पुष्कळ अलीकडची. ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ साली ती बाजारात आणली आणि लोकप्रिय केली.

आता होडीच्या वेगाचा विचार करू. होडी पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. एक वेळ अशी येते की लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी होते. मग होडी आपल्याच दोन लाटांच्या मधल्या खळग्यात सापडते. पुढे जावयाचे तर स्वतः उभारलेली टेकडी चढावी लागते. येथून पुढे कितीही जोर लावा, तो लाटा मोठ्या करण्यातच खर्ची पडतो. इंग्लंडात विल्यम फ्रूड या अभियंत्याने १८७० नंतरच्या वर्षांत टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधून, जहाजांचे लहान नमुने त्यात ओढून, पाण्याच्या या विरोधाची मोजदाद केली.

व्यवहारात त्याचा ठोकताळा सोपा आहे. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. दाभोळची ती होडी पाण्यात १६ फूट होती. सोळाचे वर्गमूळ चार; म्हणजे वेगाची मर्यादा ५.३६ नॉट, तासाला दहा किलोमीटरच्याही आत. बर्डीवरून सायकलवर जाणारा पोरगा तिच्यापुढे निघून जाईल! ही मर्यादा मोटारीची नव्हे, होडीच्या देहाची आहे.

मग शेजाऱ्याची होडी कशी उडते? ती हलकी आहे आणि तिचा तळ चपटा आहे. पुरेसा जोर मिळाला की ती पाणी कापीत बसत नाही, पाण्यावर चढून घसरत जाते. शिडाच्या होडीला वारा पेलावयाचा असतो; तिचा तळ खोल, अंग गोल, वजन जास्त. ती पाण्यात बसावी अशीच बांधलेली असते. रेड्याला शर्यतीच्या घोड्याचा खुराक दिल्याने तो घोडा होत नाही.

वेगाची मर्यादा कळली. आता तेथवर पोचण्यास किती शक्ती लागेल? त्यासाठी वजन पाहावे, आणि तेही भरलेल्या होडीचे. आम्ही वाळूत काठीने आकडे लिहिले. होडी ४५० किलो. चार माणसे २६०. जाळी, नांगर व सामान १५०. बर्फ आणि मासळी २४०. एकूण ११०० किलो. अशा बसक्या होडीला दर टनामागे सुमारे चार अश्वशक्ती पुरतात, असा अनुभवी लोकांचा अंदाज आहे. म्हणजे साडेचारच्या आसपास. समोरचा वारा, लाटा, तळाला चिकटलेले शेवाळ आणि कालवे यांसाठी थोडे हातचे राखावे. उत्तर आले सहा. दोन नव्हे आणि पंचवीसही नव्हे.

दोन का नव्हे, ते माडाने सांगितलेच होते. दोन अश्वशक्तीवर भरलेली होडी फार तर साडेतीन नॉट जाईल. ओहोटीचा प्रवाह तीन नॉट असेल तर शिल्लक अर्धा नॉट. त्यात समोरून वारा आला की तोही गेला. सहा अश्वशक्तीवर पाच नॉट मिळाले तर प्रवाह वजा जाता दोन उरतात, आणि माणूस घरी पोचतो. म्हणून मोटर निवडताना तळ्यावरच्या शांत पाण्याचा नव्हे, आपल्या खाडीतल्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करावा. आपल्या अंबाझरीसारख्या तलावात, जेथे भरती-ओहोटी नाही, तेथे लहान होडीला दोन-तीन अश्वशक्ती खुशाल चालतील.

आणि पंचवीस का नव्हे? चारपट शक्तीने वेग चारपट होत नाही. मर्यादेपाशी आलेल्या होडीला फार तर थोडासा वेग वाढून मिळेल. चार-स्ट्रोकची सहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण जोरात तासाला दोन ते अडीच लिटर पेट्रोल खाते. पंचवीसची नऊ-दहा लिटर. मोठी मोटर हळू चालविली तर इंधन कमी लागते, हे खरे. पण किमतीचा हप्ता हळू होत नाही. शिवाय सहाची मोटर २५ ते २८ किलोंची, पंचवीसची ६० किलोंच्या वर. म्हणजे होडीच्या अगदी टोकाला एक जास्तीचा माणूस कायमचा बसविला. पिछाडी दबते, नाळ वर उठते, शिडावरची चाल बिघडते आणि जुन्या लाकडाचे सांधे ढिले होतात.

अश्वशक्तीइतक्याच दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. विक्रेता त्या क्वचितच सांगतो. पहिली, मोटारीच्या दांड्याची लांबी. आखूड दांडा १५ इंचांचा, लांब २० इंचांचा असतो. शिडाच्या होडीची पिछाडी उंच असते आणि लाटेवर ती वर उचलली जाते. दांडा आखूड असेल तर पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत भणभणतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी जोर नाहीसा होतो. तेव्हा लांब दांडाच घ्यावा. दुसरी गोष्ट पंख्याची. जड होडीला मोठ्या व्यासाचा, कमी आट्याचा पंखा हवा. चढावर बैलगाडी हळू पण नेटाने ओढावी लागते, तसे हे काम आहे. वेगवान होडीचा पंखा येथे लावला तर मोटर नुसती धापा टाकते.

हा सगळा हिशेब एका होडीचा झाला. पण होडी समुद्रात एकटी नसते. केरळात १९५३ साली कोल्लमजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू होऊन मासेमारीच्या होड्यांना यंत्रे बसू लागली. पुढे १९८० नंतर तेथील किनाऱ्यावर लहान होड्यांना बाहेरच्या मोटारी झपाट्याने लागल्या. सात-आठ अश्वशक्तीपासून निघालेली चढाओढ पंचवीस आणि चाळीसपर्यंत गेली. याने मोठी घेतली म्हणून त्याने घेतली. मासळी मात्र सर्वांची मिळून एकच होती. विहीर एक आणि पंप शंभर, अशातला प्रकार! केरोसीनचा खर्च आणि कर्जाचे ओझे ज्याच्या त्याच्या माथी आले. गिरणीत एकेकट्या कामगाराने जादा पाळी करून सर्वांचाच मजुरीचा दर पाडून घ्यावा, तसे हे झाले. अशा ठिकाणी एकट्याचा शहाणपणा पुरा पडत नाही. एका बंदरावरच्या लोकांनी एकत्र बसून मर्यादा ठरवावी लागते.

दाभोळच्या त्या भावांनी सहाची, लांब दांड्याची मोटर घेतली. तीही कर्जानेच, पण ते कर्ज मासळीने फेडता येईल इतकेच होते, आणि ते फिटले. शीड त्यांनी काढून टाकले नाही. वारा असेल तेव्हा मोटर वर उचलून ठेवतात. वारा फुकट मिळतो तो का सोडावा? मोटर आहे ती वारा पडल्यावर घरी येण्यापुरती.

यंत्र विकत घेताना "याहून मोठे कोणते?" असे विचारण्याची आपल्याला सवय आहे. "माझे काम केवढे?" हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते आपल्या होडीत, आपल्या विहिरीत, आपल्या खाडीच्या ओहोटीत असते. काठीने वाळूत चार आकडे लिहिण्याची तसदी घेतली, की ते कोणालाही काढता येते.